समन्स कारागृहापर्यंत पोहोचू द्या : सोलापूर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि मा. सचिव,
जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, सोलापूर

विषय : पती किंवा पत्नी कारागृहात असताना रखडणारे घटस्फोटाचे व मुलांच्या ताब्याचे दावे

महोदय,

नवरा किंवा बायको कारागृहात आहे आणि दुसऱ्याला घटस्फोट हवा आहे, मुलांचा ताबा हवा आहे, अशा दाव्यांबद्दल हे पत्र आहे. मी वकील नाही. अशोक चौक, साखर पेठ, विडी घरकुल, कुंभारीच्या वसाहती या भागांतल्या बायकांचे अर्ज लिहून देणे, त्यांच्यासोबत तहसील, पोलीस ठाणे, न्यायालयात जाणे हे माझे काम. असे दावे संख्येने थोडे असतील, पण ते जितके रखडतात तितके दुसरे कोणते रखडलेले मी पाहिले नाहीत. त्यात कायद्याचा दोष थोडा आहे. मोठा भाग असा की न्यायालयातला कागद कारागृहात पोहोचत नाही आणि कारागृहातला माणूस न्यायालयात पोहोचत नाही. न्यायालयात आपल्या पॅनलवरचे वकील असतात आणि कारागृहात विधी सहाय्य केंद्र चालते ते आपलेच. दोन्हीकडे पाय असलेले जिल्ह्यात दुसरे कार्यालय नाही, म्हणून हे आपल्यालाच लिहिते आहे.

आधी कायद्याचे बोलते, कारण पहिला गैरसमज तिथे असतो. नवऱ्याला जन्मठेप लागली की लग्न आपोआप मोडते, असे वस्तीत सर्रास सांगतात. मोडत नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १३ मध्ये क्रूरता आहे, दोन वर्षांचा परित्याग आहे, धर्मांतर आहे, सात वर्षे ठावठिकाणा नसणे आहे. जोडीदार शिक्षा भोगतो आहे, हे कारण मात्र नाही. विशेष विवाह कायदा, १९५४ मध्ये ते आहे : जोडीदार सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षा भोगत असेल तर घटस्फोट मागता येतो. पारशी विवाह व घटस्फोट कायदा, १९३६ मध्येही आहे, फक्त दावा लावण्याआधी किमान एक वर्षाची कैद भोगून झालेली असावी लागते. मुस्लिम विवाह विच्छेद कायदा, १९३९ हा पत्नीला तो हक्क देतो, पण पतीची शिक्षा अंतिम झाल्याखेरीज त्या कारणावर हुकूमनामा होत नाही. म्हणजे एकाच गल्लीतल्या दोघींचे नवरे एकाच गुन्ह्यात एकाच दिवशी आत गेले, तरी लग्न कोणत्या कायद्याखाली लागले यावर दोघींची वाट ठरते.

मांडवात अक्षता पडलेल्या बाईला क्रूरतेच्या कलमाने जावे लागते. परित्याग मांडायला गेली तर समोरून उत्तर तयार असते की तो आपल्या मर्जीने घर सोडून गेलेला नाही. नवऱ्यावर बलात्काराचा दोष सिद्ध झाला असेल तर पत्नीसाठी कलम १३(२) आहे. एरवी, गुन्हा तिच्याविरुद्ध नसून बाहेरच्या कुणाविरुद्ध असेल, तर त्याची झळ तिला कशी लागली हे तिलाच सांगावे लागते. भाडेकरू म्हणून कुणी खोली देत नाही, मुलाला शाळेत चिडवतात, दीर घरातला वाटा नाकारतात. यातले प्रत्येक वाक्य पुराव्याने मांडायचे, उलटतपासणीला तोंड द्यायचे. आणि हे सगळे निकाल लागलेल्या कैद्यांच्या बाबतीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातल्या कारागृहांतले ७५.८ टक्के बंदी न्यायाधीन होते. म्हणजे आत असलेल्या चारांतल्या तिघांना अजून शिक्षाच लागलेली नाही. त्यांच्या जोडीदारांना सात वर्षांच्या शिक्षेचे ते कलम तसेही उपयोगाचे नाही.

नई जिंदगी भागातल्या एका बाईला कुणीतरी सांगितले होते की नवऱ्याला दहा वर्षे लागली, आता घटस्फोट सहज मिळेल. नवऱ्याचे अपील उच्च न्यायालयात पडून होते आणि शिक्षा अंतिम नव्हती. ती तशीच थांबली. तिला कुणी सांगितले नाही की १९३९ च्या त्याच कायद्यात पतीने दोन वर्षे पोटगी न देणे हे वेगळे कारण आहे, क्रूरता हेही वेगळे कारण आहे, आणि ‘खुला’, म्हणजे पत्नीने मागून घेतलेला घटस्फोट, हा मार्गही तिला मोकळा आहे. अपिलाच्या निकालाकडे डोळे लावून बसण्याची गरजच नव्हती. पहिल्या भेटीतच नीट सल्ला मिळाला असता तर तिची मुलगी एव्हाना वडिलांच्या सहीवाचून अडली नसती.

हिंदू विवाह कायद्यातही दीर्घ शिक्षेचे कारण यावे, असे मला ठामपणे वाटते. पण तो संसदेचा विषय आहे, आपल्याकडे ती मागणी करत नाही. आपल्याकडे मागायचे ते सगळे आजच्या कायद्यात आहे.

पहिली गोष्ट समन्सची. हिंदू विवाह कायद्याचे कलम २१-ब सांगते की नोटीस बजावल्यापासून सहा महिन्यांत दावा निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. कलम २४ खालची अंतरिम पोटगी आणि कलम २६ खालचा मुलांच्या पालनपोषणाचा व शिक्षणाचा अर्ज, दोन्हींना शक्यतो ६० दिवसांची मुदत आहे, तीही नोटीस बजावल्यापासून. सगळी घड्याळे नोटीस बजावली की चालू होतात. आणि आपल्या दाव्यात नेमकी नोटीसच बजावली जात नाही.

होते ते असे. अर्जात नवऱ्याचा पत्ता म्हणून घरचा पत्ता पडतो. बेलीफ घरी जातो. सासू सांगते, तो इथे नाही. कुठे आहे ते ती सांगत नाही, किंवा सांगते पण शेऱ्यात येत नाही. ‘इसम मिळून आला नाही’ म्हणून समन्स परत. पुढची तारीख. पुन्हा समन्स, पुन्हा तेच. मग कुणीतरी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देण्याचा सल्ला देतो, त्याचा खर्च ती बाई करते, आणि कारागृहात ते वर्तमानपत्र वाचलेच नाही म्हणून दोन वर्षांनी नवरा एकतर्फी हुकूमनामा रद्द करायला अर्ज करतो. त्याचे म्हणणे चूकही नसते. सरकारी कोठडीत असलेला माणूस ‘सापडला नाही’ असे सरकारी कागदावर लिहिले जाते, हे मला कधीच पटलेले नाही.

दिवाणी प्रक्रिया संहितेत याचे उत्तर स्वच्छ दिलेले आहे. आदेश ५, नियम २४ : प्रतिवादी तुरुंगात असेल तर समन्स तुरुंगाच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे पाठवायचे. नियम २९ : त्या अधिकाऱ्याने ते शक्य असल्यास बजावून, प्रतिवादीची पोच घेऊन, सहीनिशी परत करायचे. अर्जात ‘हल्ली मुक्काम’ म्हणून कारागृहाचे नाव आणि बंदी क्रमांक लिहिला तर पुढचा सगळा फेरा वाचतो. पण तो क्रमांक बाईला मिळायचा कसा? नवरा आधी जिल्हा कारागृहात असतो, शिक्षा लागली की येरवड्याला किंवा कोल्हापूरला कळंब्याला हलवतात, गर्दी झाली की आणखी कुठे. सासरचे सांगत नाहीत. ती अशोक चौकातून उठून येरवड्याच्या दारात चौकशीला जाऊ शकत नाही. सकाळी विड्या कारखान्यात पोचवल्या नाहीत तर त्या दिवसाची मजुरी जाते आणि दुसऱ्या दिवशी पान मिळेल की नाही याची खात्री नसते. आपल्या कार्यालयाने मात्र एक पत्र किंवा एक फोन केला तर बंदी आज कोणत्या कारागृहात आहे हे कळते. कारागृहांच्या नोंदी संगणकावर आल्या आहेत. पती किंवा पत्नी कारागृहात आहे असे दिसणाऱ्या प्रत्येक अर्जात ही माहिती आपल्या पॅनलवरच्या वकिलाने दावा दाखल करण्याआधी मिळवावी, ही माझी पहिली विनंती.

दुसरी गोष्ट हजर करण्याची. फौजदारी खटल्याच्या तारखेला कैदी पार्टी, म्हणजे बंदीला ने-आण करणारे पोलीस पथक, मिळवून माणूस आणला जातो, तो आणलाच पाहिजे असे सगळ्यांना वाटते. कौटुंबिक दाव्याच्या तारखेला पार्टी उपलब्ध नाही, असा कागद येतो आणि कुणाला त्याचे काही वाटत नाही. संहितेत यासाठीही स्वतंत्र तरतूद आहे, आदेश १६-अ. त्यानुसार न्यायालय बंदीला साक्षीसाठी बोलावू शकते. कारागृह न्यायालयापासून २५ किलोमीटरपेक्षा लांब असेल तर आयुक्त, म्हणजे न्यायालयाच्या वतीने साक्ष नोंदवणारा माणूस, नेमून भागेल का हे आधी बघायचे, आणि भागत असेल तर आयुक्ताने कारागृहातच साक्ष घ्यायची. पुणे इथून सुमारे २५० किलोमीटर. येरवड्यातल्या माणसाला आणण्यापेक्षा आयुक्ताने तिथे जाणे स्वस्त आणि खात्रीचे. तरीही आयुक्त नेमण्याचा अर्ज कुणी करत नाही, तारखा मात्र मागत राहतात.

व्हिडिओवरून सुनावणी घ्या, असे हल्ली पटकन सुचवले जाते. मी त्याच्या विरोधात नाही, पण एक गोष्ट सांगायला हवी. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये संथिनी विरुद्ध विजया व्यंकटेश या प्रकरणात बहुमताने सांगितले होते की वैवाहिक दाव्यात समेटाची बोलणी पडद्यावरून होऊ नयेत. ती फिसकटल्यावर दोघांच्या संमतीने किंवा संयुक्त अर्जावर न्यायालय तशी परवानगी देऊ शकते. पुढे कोरोनाच्या काळात हा व्यवहार बराच सैल झाला. तरी त्यामागची काळजी आजही खरी आहे. कारागृहातल्या व्हिडिओच्या खोलीत बाजूला शिपाई उभा असतो, रांगेत दुसरे बंदी असतात. बायको इकडून काय सांगते आहे, मुलीबद्दल काय बोलते आहे, हे सगळ्यांच्या कानावर पडते. कौटुंबिक न्यायालयाच्या कामकाजात जे बंद दाराआड राहायला हवे ते बराकीत चघळले जाते. तेव्हा पडदा वापरा, पण त्या खोलीत त्या वेळेपुरता एकांत मिळेल आणि बंदीशेजारी त्याचा वकील बसलेला असेल, एवढे आधी ठरवून घ्या.

परस्पर संमतीच्या घटस्फोटाबद्दल मला जास्त धास्ती वाटते, कारण तो वरून सोपा दिसतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली दोघांची सही, सहा महिन्यांचा थांबा, आणि २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानंतर तो थांबाही योग्य प्रकरणात माफ होऊ शकतो. एक वर्ष वेगळे राहिल्याची अट आतल्या माणसाच्या बाबतीत सहसा पुरी झालेली असते. पण सही कशी येते? ‘सही देतो, आधी कोर्टात माझ्या बाजूने बोल’ असा निरोप मुलाखतीच्या खिडकीतून येतो, विशेषतः गुन्हा बायकोवरच्या हल्ल्याचा असला तर. उलटेही होते. ‘मुलांना भेटायचे असेल तर सही कर’ म्हणून बाहेरचा नवरा आतल्या बायकोला सांगतो. कारागृहात अधिकाऱ्यासमोर सही झाली एवढ्याने ती मनाने दिली हे ठरत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुले आणि कोठडीतली व्यक्ती या सगळ्यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. अशा दाव्यात तर दोन्ही बाजू आपल्याच दारात येऊ शकतात. म्हणून दोघांना वेगवेगळे वकील द्या, त्यांनी एकमेकांशी बोलून ‘मिटवून’ टाकू नये असे त्यांना स्पष्ट सांगा, आणि संमतीपत्रावर सही होण्याआधी आतल्या पक्षकाराला त्याच्या वकिलाने एकांतात एकदा तरी भेटलेच पाहिजे असा दंडक घाला.

आता मुलांबद्दल. खरे तर पत्र यांच्यासाठीच लिहायला घेतले.

बाप आत आहे आणि मुले आईपाशी आहेत, तर ताब्याचा प्रश्न येतोच कुठे, असे वकीलही म्हणतात. येतो. शाळा बदलायची तर वडिलांची सही विचारतात. जातीचा दाखला काढायचा तर वडिलांकडची कागदपत्रे लागतात आणि ती सासरच्यांच्या ट्रंकेत असतात. बँकेत खाते, दवाखान्यात शस्त्रक्रियेची संमती, सगळीकडे पालक म्हणून वडील गृहीत. १९९९ मध्ये गीता हरिहरन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की वडील हयात असले तरी ते मुलाच्या पालनाला प्रत्यक्ष उपलब्ध नसतील तर आई नैसर्गिक पालक म्हणून काम करू शकते. कारागृहात असणे याहून प्रत्यक्ष अनुपस्थिती ती कोणती? पण शाळेच्या लिपिकाला हा निकाल दाखवून उपयोग नसतो. त्याला न्यायालयाचा शिक्का असलेला कागद हवा असतो. तो कागद हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खालच्या अंतरिम आदेशाने मिळू शकतो, किंवा पालक व पाल्य कायदा, १८९० च्या कलम १२ खाली. घटस्फोटाचा निकाल लागेपर्यंत थांबायचे कारण नाही, फौजदारी खटल्याचा निकाल लागेपर्यंत तर मुळीच नाही. आपल्या पॅनलवरच्या वकिलांनी असा अंतरिम अर्ज मूळ अर्जासोबतच दाखल करावा, ही माझी सगळ्यात निकडीची मागणी आहे.

त्यात मुलाच्या हिताचा विचार सर्वांत वर, हे १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम १३ मध्ये लिहिलेलेच आहे. पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईकडे, हेही त्याच कायद्यात. पण काही घरांत आई उरलेलीच नसते. तिच्या मृत्यूचा आरोप बापावर असतो, बाप जामिनावर सुटतो आणि मुलाला न्यायला आजोळच्या दारात येतो. सर्वोच्च न्यायालयासमोर असे प्रसंग आले आहेत. १९९२ मध्ये कीर्तिकुमार जोशी प्रकरणात, वडिलांवर ४९८-अ चा, म्हणजे पत्नीच्या छळाचा, खटला चालू असताना, मुलांची इच्छा विचारून त्यांना मामाकडे ठेवले गेले. २००८ मध्ये नील रतन कुंडू प्रकरणात हुंडाबळीचा आरोप असलेल्या वडिलांपेक्षा आईच्या आईवडिलांकडे मूल ठेवणे योग्य ठरले. वडील हेच नैसर्गिक पालक एवढ्या एका मुद्द्यावर ताबा ठरत नाही आणि त्यांच्यावरच्या फौजदारी आरोपाकडे डोळेझाक करता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. आमच्याकडच्या आजी-आजोबांना हे माहीत नसते. ‘बापाचा हक्क आहे’ असे चौकातल्या पुढाऱ्याने सांगितले की ते मूल देऊन टाकतात. अशा प्रत्येक गुन्ह्यात, मूल कुणाकडे आहे याची नोंद होताच आपला विधी स्वयंसेवक त्या आजोळी जाऊन आला पाहिजे.

भेटीचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे, आणि त्यावर माझ्या ओळखीतल्या कार्यकर्त्यांत दोन तट आहेत. काही म्हणतात, मुलाला तुरुंगाची पायरी दाखवायचीच नाही. काही म्हणतात, बापाचा तो हक्कच आहे. मला दोन्ही मान्य नाही. ज्या मुलाने घरात आईला मारताना पाहिले आहे, किंवा गुन्हा मुलाविरुद्धच आहे, त्याला कुणाच्याही हक्कासाठी त्या खिडकीपुढे उभे करू नये. पण बाप भांडणातल्या खुनात, चोरीत, नशेच्या मालात आत गेला असेल आणि पोर रोज त्याची आठवण काढत असेल, तर आईचा राग किंवा आजीची लाज यामुळे ती भेट तोडणे हाही पोरावरचा अन्याय आहे. माझ्या माहितीतल्या एका आठ वर्षांच्या मुलाला ‘बाबा दुबईला आहेत’ असे सांगितले होते. शाळेतल्या पोरांनी त्याला खरे सांगितले, तेही मोबाइलवर बातमी दाखवून. त्यानंतर त्याने आईशी बोलणे टाकले. मुलाला त्याच्या वयाला झेपेल असे खरे सांगणे, आणि भेटवायचे की नाही ते एखाद्या शहाण्या समुपदेशकाने मुलाशी बोलून ठरवणे, हाच मार्ग मला दिसतो. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक असतात, त्यांचा अहवाल मागवता येतो. भेट ठरली तर ती जाळीआडून फोनवर बोलण्याची नसावी. राज्यातल्या कारागृहांमध्ये ‘गळाभेट’ हा उपक्रम झाला आहे, त्यात मुले आईबापांच्या शेजारी बसतात, त्यांच्या मांडीवर बसतात, सोबत खातात. लांबच्या कारागृहासाठी ई-मुलाकात, म्हणजे व्हिडिओवरची भेट, आहे. गळाभेटीच्या दिवशी कोणत्या मुलांना बोलवायचे याच्या यादीत ताब्याचा दावा चालू असलेली मुले आवर्जून असावीत, आणि त्यांना घेऊन जाणारे माणूस कोण हे आपण आधी ठरवून द्यावे. नाही तर ज्याला ताबा हवा तोच मुलाला घेऊन जातो आणि वाटेत त्याला काय बोलायचे ते पढवतो.

बाई आत असते तेव्हा सगळेच जास्त वाईट होते. नवरा आत गेला तर बायको डबा घेऊन कारागृहाच्या दारात जाते. बायको आत गेली तर दारात येणारे बहुधा तिची आई असते, तीही म्हातारी असेपर्यंतच. नवरा सहा महिन्यांत घटस्फोटाचा दावा लावतो. समन्स तिला बराकीत मिळते, इंग्रजीत किंवा न कळणाऱ्या मराठीत. आपल्याकडे तर कितीतरी बायकांची घरची भाषा तेलुगू किंवा कन्नड आहे. ती अंगठा देते आणि कागद उशाखाली ठेवते. तारीख होऊन जाते. एकतर्फी हुकूमनामा होतो, अपिलाची मुदत सरते, नवरा दुसरे लग्न करतो, आणि मुले ज्या घरात आहेत तिथे तिला पाय ठेवता येत नाही. ती निर्दोष सुटून बाहेर आली तरी हे उलटत नाही. एकतर्फी हुकूमनामा रद्द करायला मुदत फक्त ३० दिवसांची आहे. रीतसर बजावणी झालेली असेल तर ते दिवस हुकूमनाम्यापासून मोजतात, आणि ती आत असतानाच ते निघून जातात.

आईसोबत कारागृहात राहणाऱ्या लहान मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. उपाध्याय प्रकरणात १३ एप्रिल २००६ रोजी सविस्तर निर्देश दिले. मूल सहा वर्षांचे होईपर्यंत आईजवळ राहू शकते. त्यानंतर ते आईच्या इच्छेनुसार योग्य माणसाकडे किंवा संस्थेत जाते, शक्यतो कारागृह असलेल्या गावाबाहेर पाठवायचे नाही, आणि संस्थेत असेल तर आठवड्यातून किमान एकदा आईची भेट. वाचायला फार बरे वाटते. पण शिक्षा लागलेल्या बाईला येरवड्याच्या महिला कारागृहात नेले आणि मूल सोलापुरात राहिले तर आठवड्याची भेट होणार कशी? आणि ‘आईच्या इच्छेनुसार’ म्हणजे तिला विचारले कुणी? सहावा वाढदिवस जवळ आला की सासरचे लोक मूल घ्यायला येतात, कागदावर सही होते, आणि पुढे ते मूल आईला भेटवायचे की नाही हे त्यांच्या मर्जीवर. माझी विनंती आहे की ज्या बंदी स्त्रीचे मूल पाच वर्षांचे झाले आहे तिला आपल्या वकिलाने तेव्हाच भेटावे. एक वर्ष हाताशी असते. मूल कुणाकडे द्यायचे, भेटी कशा होतील, हे सगळे त्या वर्षात न्यायालयाच्या किंवा बालकल्याण समितीच्या आदेशात लिहून घेता येते. आणि कोणत्याही बंदी स्त्रीच्या नावाने घटस्फोटाचे समन्स आले की कारागृह अधीक्षकांनी त्याची प्रत त्याच दिवशी आपल्या केंद्राला द्यावी, एवढी लेखी व्यवस्था आपण त्यांच्याशी करावी.

पैशाचे थोडक्यात. आतल्या माणसाकडून पोटगी निघत नाही, आदेश झाला तरी थकबाकी कागदावर चढत जाते. त्यापेक्षा सरकारी योजना हातात पडतात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत तुरुंगात शिक्षा भोगणाऱ्याची पत्नी बसते, घटस्फोटाच्या प्रक्रियेतली स्त्रीही बसते, महिना १,५०० रुपये. कच्च्या कैद्याच्या बायकोला पहिला रकाना लागू होत नाही, पण तिने दावा लावला असेल तर दुसरा होतो, हे तहसीलच्या खिडकीवर कुणी आपणहून सांगत नाही. मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, मुलामागे महिना २,२५० रुपये, अर्ज महिला व बालविकास कार्यालयात. घटस्फोटाचा अर्ज लिहिला जातो त्याच दिवशी हे दोन्ही अर्ज लिहून व्हावेत. विड्या वळून घर चालवणाऱ्या बाईच्या हातात असे महिन्याला चार पैसे आले तर ती तारखेला यायला घाबरत नाही आणि वाईट अटींवर सही करत नाही.

हे सगळे घडवायला नवे पद किंवा नवा निधी लागत नाही. आपल्या कार्यालयातल्या एका व्यक्तीकडे हे काम नावानिशी सोपवावे. तिने महिन्यातून एकदा कारागृहाकडून ज्यांचे कौटुंबिक दावे चालू आहेत अशा बंद्यांची यादी घ्यावी, न्यायालयाकडून प्रतिवादी कारागृहात असलेल्या दाव्यांची घ्यावी, आणि दोन्ही जुळवून बघाव्यात. कुठे समन्स अडले, कुठे पार्टी मिळाली नाही, कुठे आयुक्त नेमता येईल, कुठल्या मुलाचा अंतरिम अर्ज पडून आहे, हे त्या एका कागदावर दिसेल. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आहे आणि सोलापूर त्याच्या कक्षेत आहे. अपिलासाठी मुंबईची वाट धरावी लागत होती ती आता लागत नाही. कळंब्यातला बंदी आणि त्याचे अपील आता एकाच शहरात आले आहे, तर कोल्हापूरच्या विधी सेवा प्राधिकरणाशीही हीच व्यवस्था करता येईल.

माझ्याकडे आत्ता चालू असलेल्या अशा काही दाव्यांची टिपणे आहेत. नावे झाकलेली, दाव्याची अवस्था आणि अडलेली जागा तेवढी लिहिलेली. संबंधित बायकांनी ती आपल्याला दाखवायला संमती दिली आहे. त्यातल्या दोघींची मुले येत्या जूनमध्ये पहिलीत जायची आहेत आणि दोघींनाही शाळेने पालकत्वाचा कागद मागितला आहे. आपण वेळ द्यावी. टिपणे घेऊन मी आणि त्या दोघी आपल्या कार्यालयात येऊ. दुपारी दोननंतरची वेळ दिलीत तर बरे पडेल, तोवर त्यांचा कारखान्यात माल देऊन झालेला असतो.

आपली नम्र,
विडी कामगार वस्तीतली एक कार्यकर्ती
सोलापूर

प्रत माहितीसाठी व विचारार्थ : मा. प्रमुख न्यायाधीश, कौटुंबिक न्यायालय, सोलापूर, मा. अधीक्षक, जिल्हा कारागृह, सोलापूर, मा. जिल्हा महिला व बालविकास अधिकारी, सोलापूर